एक मांडव, दोन घरांच्या रीती: सोलापूरच्या शिवारात मराठी-तेलुगू लग्न कसे करावे

सोलापुरात मराठी आणि तेलुगू घरांची सोयरीक आता नवलाची राहिलेली नाही. मुलगी शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरातली, मुलगा बार्शी-माढ्याकडचा. दोघे पुण्यात नोकरीला, आणि घरी सांगितल्यावर दोन्हीकडून होकार. पुढे प्रश्न येतो तो कार्यालयाचा. मंगल कार्यालयाऐवजी शेतात किंवा तळ्याकाठी लग्न करावे, असे आता बऱ्याच मुलामुलींना वाटते. ते छान होऊ शकते, मात्र तयारी वेगळी लागते.

अशा लग्नात सर्वांत जास्त फसते ते एका गोष्टीमुळे: आधी पूर्ण तेलुगू लग्न, मग पूर्ण मराठी लग्न. पाच-सहा तास जातात, नवरानवरी उपाशी राहतात आणि दुसऱ्या लग्नाच्या वेळी पहिल्या घरचे पाहुणे जेवणाच्या मांडवाकडे वळलेले असतात. माझे मत स्पष्ट आहे. दोन्ही घरांत जो क्षण सारखाच आहे तो एकदाच, दोघांनी मिळून करावा. जी रीत एकाच घरची आहे ती न कापता, तिला पुरेसा वेळ देऊन करावी. हे ठरवायला दोन्ही घरच्या जाणत्या बायकांना समोरासमोर बसवावे लागते, आणि ती बैठक जागा बघण्याच्याही आधी व्हायला हवी.

खाली मुलगी तेलुगू, मुलगा मराठी असे धरले आहे. उलट असेल तरी पद्धत तीच. एक घर लिंगायत असेल तर होमापासूनच विचार वेगळा करावा लागतो. तिथे आधी त्यांच्या स्वामींशी बोला.

तारीख

दोन्ही घरांचे महिने एकच चालतात, शालिवाहन शकाचे. वर्ज्य काळ मात्र जुळत नाहीत. मराठी घरात चातुर्मास आणि पौष टाळतात. तेलुगू घरात श्रावण लग्नाला चांगला मानतात, पण धनुर्मास, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, चालत नाही. अधिक महिना दोघांनाही नको असतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि संध्याकाळी वावटळ व वळवाचा पाऊस कधीही येतो, म्हणून उघड्यावरच्या लग्नाला ते महिने सोडून द्यावेत.

उरतात दोन मोसम. तुळशीची लग्ने झाल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत एक, आणि माघ-फाल्गुन दुसरा. मी माघ निवडेन. ऊन सोसवते, ज्वारी रानात उभी असते, माघाच्या सुरुवातीला हुरडाही मिळतो. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत शहरातल्या खोल्या आणि रस्ते दोन्ही भरलेले असतात. त्या आठवड्यात हळद किंवा साखरपुडाही ठेवू नका.

मुहूर्त काढताना एक अडचण हमखास येते. मराठी घरात बहुधा दाते पंचांग असते, जे सोलापुरातूनच निघते. तेलुगू पुरोहित त्यांचे पंचांग बघतात. गणिताची पद्धत वेगळी असली की तिथी-नक्षत्र संपण्याच्या वेळा वेगळ्या येतात. शिवाय तेलुगू मुहूर्त पुष्कळदा रात्रीचा किंवा पहाटेचा निघतो, तर मराठी घराला गोरज मुहूर्त हवा असतो. दोन्ही गुरुजींना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, दोघांना मान्य असलेली एकच वेळ कागदावर घ्या, आणि तीच पत्रिकेत छापा. पत्रिका मराठी आणि तेलुगू अशी दोन्ही लिप्यांत असावी. तेलंगणातून येणाऱ्या आजी-आजोबांना आपल्या लिपीत नातवंडाचे नाव वाचायला मिळणे ही लहान गोष्ट नाही.

जागा

उजनीचे बॅकवॉटर सर्वांना फोटोत आवडते. करमाळा तालुक्यातल्या काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पाणी लांबवर पसरलेले असते. पण धरणाचे पाणी पावसाळ्याच्या शेवटी भरलेले असते आणि उन्हाळ्याकडे ओसरत जाते. नोव्हेंबरात पाहिलेला काठ मार्चमध्ये तिथे नसतो. मध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. म्हणून जागा बघायची ती लग्नाच्याच महिन्यात, आदल्या वर्षी. ते जमले नाही तर गावातल्या मच्छीमाराला विचारा, त्या महिन्यात पाणी कुठपर्यंत असते ते तो बरोबर दाखवतो. हिप्परग्याच्या एकरुख तलावालाही हेच लागू. शिवाय काठची बरीचशी जमीन पाटबंधारे खात्याची असते. शेजारच्या शेतकऱ्याने "घाला की मांडव" म्हटले म्हणून ती त्याची होत नाही. सातबारा बघा.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास लग्न करू नये. १९७९ मध्ये राखलेले ते माळरान आहे, आणि माळढोक आता इतका दुर्मीळ झालेला पक्षी आहे की तिथे एका रात्रीचा गोंगाटही परवडणारा नाही.

माझ्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे आपले किंवा नात्यातल्या कुणाचे शेत, जिथे विहीर किंवा बोअर आहे, चार मोठी झाडे आहेत आणि डांबरी रस्ता अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे. मात्र एक गोष्ट वेळेवर करावी लागते. माघात दोन एकर रान मोकळे हवे असेल तर ते शेतकऱ्याला रब्बीच्या पेरणीआधी, भाद्रपदातच सांगायला हवे. एकदा ज्वारी पेरली की लग्नासाठी उभे पीक मोडायचे का, हा वाद होतो, आणि कुणबिकी करणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारणेच बरोबर नाही. त्या दोन एकरांचे उत्पन्न धरून पैसे द्या, नात्यातला असला तरी.

जागेवर गेल्यावर फुले-दिवे कुठे लावायचे हे नंतर बघा. आधी जमीन बघा. आपल्याकडची काळी माती एका सरीने अशी होते की मोटारीचे चाक जागेवर फिरते. आत येण्याच्या वाटेवर आणि गाड्या लावण्याच्या जागेत मुरूम टाकून रोलर फिरवून घ्या. मग मान वर करून झाडे बघा: आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाखाली मांडव नाही, कारण होमाचा धूर वर जातो. गवत आठ दिवस आधी कापून उचला, वेड्या बाभळीचे काटे वेचून घ्या. अनवाणी चालण्याचे विधी आहेत हे लक्षात ठेवा. मुहूर्ताच्या वेळी ऊन कुठून येते तेही त्याच वेळेला उभे राहून पाहा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेसहाच्या सुमारास. गोरज मुहूर्ताला पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या माणसाला डोळे उघडता येत नाहीत. तिथे मांडवाला कनात लावा.

पाणी माणशी पिण्याचे ३ लिटर आणि हात धुणे, भांडी, शौचालय धरून एकूण १५ लिटर मोजावे. ५०० पाहुण्यांना हे साडेसात हजार लिटर होते, म्हणून बोअर चालू असला तरी एक टँकर उभा हवाच. ५० माणसांमागे एक तरी शौचालय, आणि बायकांची बाजू वेगळी, उजेडाची. जनरेटर मांडवापासून लांब, वारा मांडवाकडून तिकडे जाईल अशा बाजूला.

परवानग्यांचे थोडक्यात: ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र, पोलीस ठाण्यात ध्वनिवर्धकाची परवानगी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक आणि वाद्ये दोन्ही बंद असतात. तेलुगू मुहूर्त पहाटेचा निघाला असेल तर हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वाजंत्र्यांवरून रुसवा होणार नाही. फटाके नकोतच. शेजारच्या रानात वाळलेला कडबा असतो.

बैठक: काय जोडायचे, काय तसेच ठेवायचे

ही बैठक नवरानवरीने घेऊ नये, त्यांनी फक्त ऐकावे. दोन्हीकडच्या दोन-तीन आत्या, मावश्या, आज्या बसवाव्यात. एकीने म्हणावे, "ताई, आमच्यात डोक्यावर जिरंगूळ ठेवलं की लग्न लागलं, मंगळसूत्र मागनं." दुसरीने म्हणावे, "आमच्याकडं अंतरपाट खाली आला की लागलं." तिथेच कळते की दोघी एकाच क्षणाविषयी बोलत आहेत.

कारण तेलुगू लग्नातही नवरानवरीमध्ये पडदा असतो, अड्डुतेरा. मुहूर्ताला विड्याच्या पानावरचे जिरे आणि गुळाचे वाटण, जीलकर्र बेल्लम, दोघे एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात आणि पडदा दूर होतो. मराठी लग्नात शेवटचे मंगलाष्टक संपते, "सावधान" म्हटले जाते आणि अंतरपाट खाली येतो. हे दोन्ही एकाच क्षणी होऊ शकतात, आणि साऱ्या लग्नाचा जोड इथेच आहे. त्यासाठी मंगलाष्टके मुहूर्ताच्या १५-२० मिनिटे आधी सुरू करा, जीलकर्र बेल्लम पानात घेऊन दोघांच्या हातात तयार ठेवा, शेवटच्या ओळीला हात वर, आणि सावधान होताच हात डोक्यावर, पडदा खाली. उंचीत फरक असेल तर एकाच्या पायाखाली पाट द्या. वाजंत्र्यांना खूण करायला एकच माणूस नेमा. दोघांनी हात हलवले की एक ताशा आधी वाजतो. हार त्यानंतर.

असे आणखी जोड बरेच आहेत. मराठी घरात मुहूर्तमेढ रोवतात, तेलुगू घरात पंदिरी राट. शेतातल्या मांडवाला दोन मुख्य खांब द्या, एक एका घराने पुजावा, एक दुसऱ्याने. वरपक्ष आला की मराठीत सीमंतपूजन, तेलुगूत एदुरुकोलु. शेतात ते बांधावर करता येते, म्हणजे दोन्हीकडची माणसे खरोखर दोन दिशांनी चालत येऊन भेटतात. तिथे गूळ, मिरी, वेलदोड्याचे पानकम द्या. उन्हातून आलेल्या माणसाला त्याइतके चांगले पेय नाही.

मामाचा मान दोन्हीकडे मोठा. तेलुगू मामा मुलीला वेताच्या टोपलीत बसवून मांडवात आणतात, मराठी मामा हाताला धरून आणतो. मुलगी तेलुगू आहे, तर टोपली येऊ द्या. मराठी मुलाचा मामा त्याला त्याच वेळी दुसऱ्या बाजूने घेऊन येईल. वस्त्रांचेही तसेच. मराठी मुलीला मामाकडून पिवळी अष्टपुत्री असते, तेलुगू वधूला लाल काठाचे पांढरे सुती मधुपर्कालु. इथे वधू तेलुगू, म्हणून पांढरे-लाल मुख्य विधीला, आणि सासरची पिवळी लाजाहोमाच्या वेळी. उघड्या शिवारात सुती कापड अंगाला बरे वाटते हेही खरे.

मंगळसूत्रात दोन्ही घरांचा अर्थ एकच आहे: दोन पुस्तेलु (सोन्याच्या चकत्या), एक माहेरचे, एक सासरचे, मराठी दोन वाट्यांचेही तेच. विधीच्या वेळी हळदीच्या दोऱ्यात पुस्तेलु ओवून तीन गाठी माराव्यात, मग काळ्या मण्यांचे घालावे. जोडवी आणि मेट्टेलु एकच. लाजाहोम, सप्तपदी दोघांचीही. तिथे दोन गुरुजींनी वेगवेगळे मंत्र म्हणण्यापेक्षा एकाने चालवावे, दुसऱ्याने पुढचे साहित्य मांडावे. कन्यादान मुलीच्या आईवडिलांचे, म्हणून त्याची जागा मुलीच्या घरच्या रीतीने ठरवा. तेलुगू क्रमात ते मुहूर्ताआधी येते.

आता ज्या रीती एकाच घरच्या आहेत त्या. तलंब्रालु, म्हणजे नवरानवरीने ओंजळीने एकमेकांच्या डोक्यावर हळदीचे तांदूळ ओतणे, याची मराठी पाहुण्यांना फार गंमत वाटते. त्याला पूर्ण दहा मिनिटे द्या. हल्ली त्यात थर्माकोलचे रंगीत गोळे मिसळतात. शेतात ते कदापि नकोत, वर्षानुवर्षे मातीत राहतील. तांदूळ आणि फुलांच्या पाकळ्या पुरे. पाहुण्यांच्या अक्षतांना ज्वारी वापरा. आपल्या भागात तशी रीत आहेच, आणि सांडलेले दाणे पाखरे टिपतात. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या, म्हणजेच सिद्धरामेश्वरांच्या, अक्षता सोहळ्यात संमती कट्ट्याभोवती उभे राहून सगळ्या भाषांची माणसे अक्षता टाकतात. सोलापूरच्या पाहुण्याला, तो कुठल्याही घरचा असो, अक्षता कधी टाकायच्या हे शिकवावे लागत नाही.

कानपिळी मराठी घराची, ती मुलीच्या भावाला आदल्या दिवशी समजावून सांगा म्हणजे तो लाजणार नाही. शेवटी झाल आणि अप्पगिंतलु. दोन्हींत मुलीला सासरच्या माणसांच्या हाती सोपवतात. हे दोन मात्र एकत्र करू नका, एकामागून एक करा. दोन्ही आयांना आपापल्या रीतीने रडायचे असते आणि तिथे घाई चालत नाही.

हा सगळा क्रम एका कागदावर मराठीत आणि तेलुगूत लिहून दोन्ही गुरुजी, सनईवाले, छायाचित्रकार आणि आचारी यांना द्या. शिवाय मांडवात दोन्ही भाषा येणारे एक माणूस हवे, जे प्रत्येक विधीआधी दोन वाक्यांत सांगेल की आता काय होते आहे. सोलापुरात असे माणूस प्रत्येक गल्लीत सापडते. या एका माणसामुळे दोन्हीकडचे पाहुणे शेवटपर्यंत बसून राहतात.

अरुंधती खरोखर दाखवा

दोन्ही घरांत नवरानवरीला अरुंधती दाखवण्याची रीत आहे. कार्यालयात गुरुजी छताकडे बोट करतात आणि सगळे हसतात. शेतात ती तारा खरेच दिसू शकते. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून असलेला मंद ठिपका अरुंधती. फेब्रुवारीत सप्तर्षी रात्री दहानंतर ईशान्येला चांगले वर येतात. डिसेंबरात त्यासाठी पहाट गाठावी लागते. मुहूर्त पहाटेचा असेल तर उत्तमच. त्या पाच मिनिटांसाठी मांडवातले सगळे दिवे मालवा आणि ईशान्येला झाड किंवा टेकाड आड येत नाही ना, हे आदल्या रात्री बघून ठेवा. मला विचाराल तर शिवारात लग्न करण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

जेवण

आचारी दोन नकोत, एकच मुख्य आचारी आणि त्याच्या हाताखाली दुसऱ्या घरची एक जाणती बाई. पुरणपोळी आणि भक्षालु यांत वाद नाही, तेच गोड ठेवा. पुलिहोरा (चिंचेचा भात), गारेलु (उडदाचे वडे), मठ्ठा, वांग्याची भाजी, कडक भाकरी, शेंगा चटणी हे एका पानावर छान बसते. पान केळीचे; जिल्ह्यात केळीच्या बागा आहेत, आधी सांगितले तर पाने मिळतात. विहिणीची पंगत वेगळी वाढा आणि तिथे दोन्हीकडच्या बायका एकाआड एक बसवा. मटणाचा विषय एका घरात हवाच आणि दुसऱ्यात लग्नाच्या दिवशी नकोच असा असेल, तर ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेगळ्या ठिकाणी ठेवा. आदल्या संध्याकाळी हळद किंवा नलुगु (तेलुगू घरची हळद) झाल्यावर शेकोटीभोवती हुरडा ठेवता येतो. शेकोटी कडब्यापासून लांब, शेजारी पाण्याचे दोन पिंप.

आहेरासाठी बाहेरून काही मागवू नका. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि विणकरांच्या घरची मुलगी असेल तर आहेराचे कापड तिच्याच माणसांच्या मागावरून येऊ शकते. मराठी पाहुण्याला टॉवेल-टोपीचा मान तसाही लागतोच.

बाहेरगावचे पाहुणे आणि नंतरची कामे

हैदराबादहून येणारे साधारण ३०० किलोमीटर, पुण्याहून २५० किलोमीटर. दोन्हीकडच्यांसाठी रेल्वे स्टेशनवरून बस ठरवा, शेताचा नकाशा पाठवून भागत नाही. रात्री बांधावरची वाट सापडत नाही. वयस्कर माणसांची निजायची सोय शहरात ठेवा, शेतात तंबू तरुणांसाठी. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर घेऊन जा. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे.

लग्नानंतर सत्यनारायण दोन्ही घरांत असतो, तो एकदाच घाला. गोंधळ मराठी घराचा, तो मुलाच्या घरी सावकाश करावा. तेलुगू व्याह्यांना मात्र आवर्जून बोलवा.

नोंदणीचे काम मुहूर्ताइतकेच मनावर घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीने विधी झाले तरी चालतात, त्यामुळे मिश्र क्रमाची कायद्याला अडचण नाही. सप्तपदीचा आणि मुहूर्ताचा स्पष्ट फोटो घ्या, गुरुजींची सही आणि तीन साक्षीदारांची ओळखपत्रे त्याच दिवशी मांडवातच गोळा करा, नाहीतर तेलंगणातला साक्षीदार गाडीत बसून गेलेला असतो. ग्रामीण भागात हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) असते. ९० दिवसांच्या आत अर्ज द्या. धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो आणि त्यात ३० दिवसांची नोटीस असते, म्हणून तो अर्ज पत्रिका छापण्याआधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घरची दहा-दहा माणसे शेतात परत जायला हवीत. केळीची पाने आणि उरलेले अन्न खड्ड्यात, प्लास्टिक पोत्यांत भरून शहरात, खांबांचे खड्डे बुजवून, होमाची राख झाडाच्या बुंध्याशी. वाटेवरचा मुरूम ठेवायचा की उचलायचा ते शेतकऱ्याला विचारा, आणि ठरलेले पैसे त्याच वेळी हातात द्या.